दाढ दुखतेय, पेरणी आलीय आणि तपासणीची तारीखही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. यजमानांचं वय ४४. खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) डाव्या गालाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, गालाबरोबर मानेतल्या गाठीही काढल्या, मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. शेक संपून आठ महिने झाले. आता कॅन्सर दिसत नाही, दर दोन महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण माणूस पूर्वीसारखा झालाच नाही. तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. दिवसभर पडून असतात, पंगतीला जात नाहीत, चारचौघांत बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, दुखणं गेलं आणि आळस राहिला, त्याला वावरात धाडा. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. बियाण्याला पैसे जुळवताना नागपूरची खेप जड जाते, म्हणून या वेळची तपासणी पोळ्यानंतर करू असं घरात चाललंय. ताई विचारतात, ढकलली तर चालेल का? आणि त्यांना जबरदस्तीनं कामाला लावू की पडू देऊ? पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंय की खालची दाढ पंधरा दिवसांपासून दुखतेय, ती बाजाराच्या दिवशी तालुक्याला नेऊन काढणार आहेत. तंबाखू सुटली, पण तोंड मोकळं व्हावं म्हणून ते नुसती सुपारी चघळतात. सतरा वर्षांचा मुलगा खर्रा खातो.

ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंत तेच सगळ्यांत आधी घेऊ या, कारण बाजाराचा दिवस जवळ आला असेल. ती दाढ तालुक्याला काढू नका. कुणी कितीही म्हटलं, दुखणं कितीही वाढलं, तरी नाही.

शेक दिल्यावर जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आटतात. वरून सगळं ठीक दिसतं, पण हाडाला रक्त कमी पोचतं. अशा हाडातून दाढ उपटली की खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं आणि हळूहळू मरतं. मग महिनोन्‌महिने पू, वास, वेदना आणि कधी कधी जबड्याचा तुकडा काढण्याची वेळ. खालच्या जबड्याला हा धोका जास्त असतो. शेक संपून आठ महिने झाले म्हणून तो टळला असंही समजू नका, तो आयुष्यभर राहतो. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांचा यात काही दोष नसतो. तोंडाला शेक झालाय हे त्यांना कुणी सांगत नाही आणि ते दोन मिनिटांत दाढ काढून देतात. त्यामुळे यापुढे दातांच्या कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी यजमानांनी पहिलं वाक्य हेच बोलायचं: मला शेक झालाय.

मग दाढेचं करायचं काय? दंत महाविद्यालयात दाखवायचं. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातच आहे. तुम्हाला वर्धा जवळ पडत असेल तर सावंगी मेघेलाही आहे. सोबत शेकाचा कागद हवा, म्हणजे किती ग्रे (शेक मोजायचं माप) मात्रा, किती दिवसांत, कुठल्या भागाला, हे लिहिलेला. ऑपरेशननंतर बहुधा ६० ग्रे, ३० बैठकांत देतात. त्यावरून दाढेच्या जागी किती मात्रा पडली ते डॉक्टर पाहतील आणि जमल्यास दाढ न काढता तिची नस साफ करून ती भरतील. काढावीच लागली तर शेकाच्या डॉक्टरांशी बोलून, प्रतिजैविकं देऊन, बेतानं काढतील. तोवर घरी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा टाकून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. पाणी रोज नवीन करा. लवंगाचं तेल, तुरटी, राखुंडी यातलं काहीही लावू नका, शेक झालेली कातडी त्यानं सोलवटते. वेदनेला पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, लागल्यास सहा तासांनी दुसरी, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर गोळीही विचारूनच. गाल सुजला, ताप आला, पू दिसला तर त्याच दिवशी निघा.

दाढ दुखतेय याचा अर्थ दाढच बिघडलीय असाही नसतो. कॅन्सर त्याच भागात परत आला तर सुरुवातीला कधी कधी असंच दुखतं. घाबरवायला लिहीत नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

तोंडाचा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी बोलावतात. तुमचा आठवा महिना चाललाय, म्हणजे सगळ्यात जपायच्या काळात आहात. एरवी पेरणीसाठी आठ-दहा दिवस पुढे सरकायला हरकत नसते. दवाखान्यात फोन करून नवी तारीख घ्यायची, बस्स. पण मृगापासून पोळ्यापर्यंत म्हणजे अडीच महिने, आणि दवाखान्याची एक तारीख पूर्ण गळाली. एकदा गळाली की पुढचीही गळते, असं घरोघरी होतं. शिवाय तुमच्याकडे दुखणारी दाढ आहे, त्यामुळे दहा दिवसांची सवलतही या खेपेला घेऊ नका. एकाच खेपेत दोन्ही कामं करा: सकाळी कॅन्सरची ओपीडी, दुपारी दात.

आता आळसाबद्दल, कारण घरातलं भांडण त्यावर चाललंय.

“दुखणं गेलं” असं सासूबाई म्हणतात ते त्यांच्या बाजूनं खरं आहे, त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून तेच ऐकलं. पण मानेला शेक झालेल्या माणसाची गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पुढच्या काही महिन्यांत-वर्षांत मंद पडू शकते. मग अंगात जोर राहत नाही, झोप येत राहते, थंडी वाजते, शौचाला कडक होते, मन उदास राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा हुबेहूब आळस दिसतो. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी रक्ताची टीएसएच तपासणी करायची असते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, बहुधा झालेली नसावी. या खेपेला स्वतःहून विचारा. थायरॉईड मंद निघालं तर रोज सकाळी उपाशीपोटी एक स्वस्त गोळी, आणि दीड-दोन महिन्यांत फरक पडतो. सोबत हिमोग्लोबिनही पाहून घ्या. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तिथे रक्त देता आलं तर नागपूरला जाताना रिपोर्ट हातात असेल. हे सगळं चांगलं निघालं आणि तरी ते पडूनच राहिले, तर मग मनाचं पाहायचं. ते पुढे लिहिलंय.

कामाला लावा की पडू द्या, या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो, नस शाबूत ठेवली तरी खांदा महिनोन्‌महिने कमजोर राहतो. त्या बाजूचा हात डोक्यावर नेऊन दाखवा म्हणा, तुम्हाला लगेच कळेल. अशा खांद्यावर भरलेला फवारणीचा पंप, म्हणजे १५-१६ लिटर पाण्याचं वजन, चढवायचा नाही. कापसाचं गाठोडंही नाही. फवारणी तर मुळीच नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. ज्याचं तोंड कोरडं, ओठ नीट मिटत नाहीत, त्यानं त्या वाऱ्यात उभं राहणं म्हणजे जाणूनबुजून विष घेणं आहे. टोबणीला सरी धरून बी टाकणं, मजुरांवर देखरेख, बियाण्याचा आणि मजुरीचा हिशेब, बैलांचं पाणी हे ते करू शकतात. सकाळी दहाच्या आत एक-दीड तासापासून सुरू करा आणि आठवड्याला अर्धा तास वाढवा. शेक झालेल्या मानेवर दुपट्टा, सोबत पाण्याची बाटली, दर दहा मिनिटांनी एक घोट. खांद्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. काल बोटं कुठवर पोचली तिथे खडूची रेघ मारा.

तोंड उघडण्याचं काम याहून निकडीचं आहे. दीड बोट म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर. साडेतीनच्या खाली गेलं की तोंड आखडलं असं धरतात. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. शेकानं जबड्याचे स्नायू वर्षानुवर्षं कडक होत जातात, म्हणून व्यायाम हा आता जेवणासारखा रोजचाच. शाळेच्या सामानाच्या दुकानात आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या लाकडी काड्या मिळतात, त्यांचा एक गठ्ठा आणा. एक काडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड असते. आधी कोमट ओला कपडा गालावर दहा मिनिटं. तो आधी तुमच्या मनगटावर लावून पाहा, कारण यजमानांच्या त्या गालाला चटका कळत नसेल. मग ऑपरेशन नसलेल्या, म्हणजे उजव्या बाजूच्या दाढांमध्ये सहज मावतील तितक्या काड्यांचा थर ठेवा आणि मधोमध आणखी एक काडी सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ नको. तीस सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाच वेळा. ही एक फेरी, दिवसात पाच फेऱ्या. आठवड्यात एक काडी वाढली तरी उत्तम. हलणाऱ्या दातावर जोर देऊ नका, रक्त आलं तर थांबा. दुखरी दाढ खालच्या उजव्या बाजूला असेल, तर आधी ती दाखवून डॉक्टरांना विचारा, मगच काड्या.

यात बिघडतं ते असं: पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्यात कंटाळा, तिसऱ्यात बंद. मग पुन्हा आखडतं आणि माणूस म्हणतो, काही उपयोग नाही. म्हणून काड्यांची संख्या रोज कॅलेंडरवर लिहा. ती लिहिण्याचं दुसरंही कारण आहे. व्यायाम चालू असताना संख्या अचानक दोन-तीन काड्यांनी घसरली, किंवा तोंडात, मानेत असं काही दिसलं जे दोन आठवड्यांत बरं होत नाही, जखम, गाठ, एका बाजूचा कान दुखणं, तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि सुपारी आजपासून बंद. तोंड मोकळं व्हावं म्हणून ते ज्या गोष्टीचा आधार घेतायत तीच तोंड आखडवते. सुपारीनं गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी ताठर होते, खर्रा खाणाऱ्या पोरांचं तोंड उघडेनासं होतं ते यामुळेच. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे दोन दशकांपूर्वीच जाहीर केलंय. चघळायची तल्लफ आली तर बर्फाचा खडा द्या, किंवा थंड पाण्याचा घोट तोंडात घोळवू द्या. आंबट-तिखट मुखवास नको.

जेवण. कोरड्या तोंडाच्या माणसाला ठेचा आणि झणझणीत रस्सा आगीसारखा लागतो, आणि कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही. ज्वारीची भाकर वरणात किंवा ताकात कुस्करून, वर तूप. मऊ खिचडी, आंबील, कढी. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात, मग वजन उतरतं. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी (१२ ग्रॅम), अर्धा लिटर दूध (१६), मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्याचं बारीक कूट (१२), दिवसभरात पाऊण वाटी कोरड्या तुरीच्या डाळीचं घट्ट वरण (सुमारे २०), बाकी भाकर-भातातून येतं. शेजारीपाजारी सोयाबीन असेलच. ते रात्रभर भिजवून, अर्धा तास उकळून, वाळवून दहा किलो ज्वारीमागे एक किलो दळायला टाका. कच्चं दळलेलं सोयाबीन पोटात बिघाड करतं, उकळणं चुकवू नका. महिन्याच्या एक तारखेला उपकेंद्रात वजन. महिन्यात दोन-तीन किलो उतरलं, किंवा पाणी पिताना दर वेळी ठसका लागून ताप येऊ लागला, तर डॉक्टरांना सांगा. अन्न श्वासनळीत जात असण्याची शक्यता असते. दात रोज दोनदा लहान मुलांच्या मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं. मंजन, गुडाखू घरातच नको, तुमच्याही नाही आणि सासूबाईंच्याही नाही.

पंगतीचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण त्यात बरंच काही दडलंय. ओठाच्या कोपऱ्यातून वरण गळतं, घास चावायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, आणि समोरचा पाहत असतो. त्यांना जबरदस्तीनं ताटावर बसवू नका. घरी जेवूनच कार्यक्रमाला न्या आणि पंगतीत वाढायचं काम द्या, वाढणाऱ्याकडे कुणी रोखून पाहत नाही. घरात मात्र ताट सगळ्यांबरोबर, पेला तोच. कुणी वेगळा पेला ठेवत असेल तर स्पष्ट सांगा की हा रोग उष्ट्यानं लागत नाही.

मनाबद्दल थेट विचारा. रात्री निवांत असताना विचारा की जगणं नकोसं वाटतं का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट माणूस बोलता होतो. चेहरा बदललेल्या, बोलणं अडखळणाऱ्या माणसाच्या मनात असे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं. उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे. १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. उत्तर ‘हो’ आलं तर फोनवर थांबू नका, त्यांना एकटं सोडू नका, दुसऱ्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग.

पैशाचं बोलू. तुम्ही सोबत जाल तर एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहेच. कॅन्सरच्या रुग्णालाही एसटीत सवलत आहे, त्याचा दाखला दवाखान्यातून घ्या. धामणगाव किंवा वर्ध्याहून रेल्वेनं गेलात तर नियमित तपासणीच्या प्रवासालाही कॅन्सर रुग्णाला सवलत मिळते: स्लीपरमध्ये पूर्ण माफी, साध्या दुसऱ्या वर्गात ७५ टक्के. सोबतच्या एका माणसाला दोन्हीकडे ७५ टक्के. त्यासाठी दवाखान्यात रेल्वेच्या नमुन्यातला फॉर्म सही-शिक्क्यानिशी मिळतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. बहुतेकांना हे उपचार संपल्यावर कळतं, तुमच्यापुढे तर अजून चार-साडेचार वर्षांच्या खेपा आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पुढे काही ऑपरेशन किंवा भरती लागली तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, नंतर बिलं दाखवून पैसे परत मिळत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरग्रस्तांना महिना १,५०० रुपये आहेत. अर्ज तहसीलच्या सेतू केंद्रात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असल्यानं बरेच अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतात. तलाठ्याकडून कोरडवाहू जमिनीची खरी परिस्थिती लिहून घ्या आणि दवाखान्याचं प्रमाणपत्र ताज्या तारखेचं जोडा.

हे वाचणाऱ्या आशाताईंना आणि बचत गटातल्या बायांना एक विनंती. गावात असा उपचार संपलेला माणूस असेल तर त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख तुमच्या डायरीत लिहा आणि आठ दिवस आधी घरी जाऊन आठवण द्या. दोन-तीन गावं मिळून त्याच दवाखान्याचे तीन-चार रुग्ण निघतात. एकाच ओपीडीच्या वाराला सगळ्यांच्या तारखा जुळवून घेतल्या तर एका गाडीत भागतं. वर्गणीपेक्षा याचा उपयोग जास्त दिवस टिकतो.

मुलाचं राहिलं. त्याला रागावून झालं असेल, त्याचा उपयोग झालेला दिसत नाही. त्याला आरशासमोर उभं करून तोंडात स्वतःची तीन बोटं उभी घालायला सांगा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरा चट्टा असेल, तर त्यालाही याच खेपेला दंत महाविद्यालयात न्या. काही नसेल तरी १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या फुकट नंबरावर त्यानं स्वतः बोलावं, तुम्ही त्याच्या वतीनं नाही. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी होईल, त्या दिवसांत पानठेल्यापासून दूर कुठलंतरी काम द्या. वडिलांच्या काड्यांची नोंद ठेवण्याचं काम त्याच्याकडे दिलंत तर दोघांचंही होईल.

निघण्याआधी ओपीडीचा वार फोनवर विचारून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शेकाचा कागद, जुने स्कॅन, आधार आणि रेशन कार्ड. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, पावसात पिशवी भिजते. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: दाढ, टीएसएच, तोंडाचा व्यायाम, खांदा, रेल्वेचा फॉर्म. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात. ती चिठ्ठी आधी त्यांच्या टेबलावर ठेवा, मग बोलायला लागा.